हॉटस्पॉटवरचे निष्क्रिय युजर: गेलेल्याची जागा मोकळी करा, बसलेल्याला उठवू नका

सांगलीच्या एसटी स्टँडजवळ एखाद्या चहाच्या हॉटेलात सार्वजनिक वायफाय लावलं की सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं. मग एखाद्या बाजाराच्या दिवशी दुपारी तक्रार येते: "दादा, वायफाय जोडलेलं दाखवतंय, पण लॉगिनचं पानच येईना बघा." लाइन तपासावी तर ठणठणीत. राउटरवर भार नाही. यादी उघडली की मात्र उलगडा होतो. फोनना द्यायचे आयपी पत्ते (नेटवर्कमधले क्रमांक) संपलेत, आणि ते अडवून ठेवणारे निम्म्याहून जास्त फोन केव्हाच तासगावच्या नाहीतर जतच्या गाडीत बसून निघून गेलेत.

यावर घाईनं केला जाणारा उपाय म्हणजे सगळ्यांना सरसकट दोन मिनिटांचा आयडल टाइमआउट लावणं, म्हणजे तेवढा वेळ काही वापर झाला नाही की बाहेर काढणं. स्टँडवर तो खपून जातो. तीच सेटिंग विश्रामबागेतल्या अभ्यासिकेत उचलून टाकली, की फोन पालथा ठेवून वाचत बसलेल्या पोरांना दर वेळी नव्यानं लॉगिन करावं लागतं, आणि आठवड्याभरात ती मोबाइल डेटावर परततात.

राउटरला माणूस दिसत नाही, फक्त पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, दिसतात. गप्प बसलेला आणि उठून गेलेला हे त्याच्या लेखी जवळपास सारखेच. त्यांतला फरक त्याला दाखवून देणं हेच या कामाचं मर्म आहे, आणि ते एका सेटिंगनं होत नाही.

मी उदाहरणं मायक्रोटिक राउटरची देतो, कारण आपल्याकडच्या छोट्या हॉटस्पॉटवर आणि केबलवाल्यांकडे तोच जास्त दिसतो. ओपनएनडीएस, कूव्हाचिली किंवा पीएफसेन्स यांसारखी दुसरी प्रणाली वापरत असाल तर नावं बदलतील, तत्त्व तेच राहील.

आधी बघा, मग हात लावा

दोन-तीन दिवस काहीही बदलू नका. गर्दीच्या वेळी विनबॉक्स (मायक्रोटिकची सेटिंग बघायचं ॲप) उघडा, आयपी मेनूमध्ये हॉटस्पॉटवर जा आणि दोन टॅब शेजारी शेजारी ठेवून बघा. 'होस्ट्स' टॅबमध्ये वायफायला चिकटलेलं प्रत्येक उपकरण दिसतं, लॉगिन केलेलं असो वा नसो. 'ॲक्टिव्ह' टॅबमध्ये फक्त लॉगिन झालेले. सोबत डीएचसीपी सर्व्हरच्या, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या भागाच्या, लीज मोजा. लीज म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दिलेला पत्ता.

होस्ट खूप आणि ॲक्टिव्ह थोडे असतील, तर तुमचा प्रश्न लॉगिन न करणाऱ्यांचा आहे. स्टँड, बाजारपेठ, गणपती मंदिराचा परिसर, मिरज स्टेशनच्या बाहेरची दुकानं इथं हेच चित्र असतं. ज्यानं कधीतरी एकदा तुमचं खुलं वायफाय वापरलं, त्याचा फोन पुढच्या वेळी खिशात असतानाच आपोआप जोडला जातो आणि आयपी पत्ता घेऊन बसतो. मालकाला त्याची खबरही नसते.

ॲक्टिव्ह जास्त असून त्यांच्या 'आयडल टाइम' रकान्यात मोठे आकडे दिसत असतील, तर प्रश्न लॉगिन करून निघून गेलेल्यांचा आहे. इथं लायसन्सही आडवं येऊ शकतं. राउटरओएसच्या, म्हणजे मायक्रोटिकच्या सॉफ्टवेअरच्या, लेव्हल ४ लायसन्सवर एका वेळी २०० ॲक्टिव्ह हॉटस्पॉट युजर चालतात, लेव्हल ५ वर ५००, लेव्हल ६ वर मर्यादा नाही. छोट्या दुकानांतले बहुतेक राउटर लेव्हल ४ चे असतात. निघून गेलेल्यांनी त्या दोनशेतल्या जागा धरून ठेवल्या, तर दारात उभ्या असलेल्याला प्रवेश मिळत नाही.

आणि लीजवर द्यायला पत्ते उरले नसतील पण दोन्ही याद्या आटोपशीर असतील, तर टाइमआउटला हात लावायची गरजच नाही. प्रश्न पत्त्यांच्या साठ्याचा आहे. नेहमीच्या /२४ नेटवर्कमध्ये (हा आकडा जितका लहान, तितका साठा मोठा) वापरण्याजोगे पत्ते २५४, त्यातला एक राउटरचा. ते /२२ केलं की १०२२ मिळतात. फुकटात होणारं काम आहे, ते आधी करा.

पाच वेगवेगळी घड्याळं

गोंधळ होतो तो 'टाइमआउट' हे एकच नाव पाच जागी असल्यामुळे. प्रत्येकाचं काम निराळं आहे.

पहिलं, लॉगिन न केलेल्यांचं. मायक्रोटिकमध्ये हे हॉटस्पॉट सर्व्हरच्या सेटिंगमध्ये असतं, युजर प्रोफाइलमध्ये नाही. तिथला आयडल टाइमआउट मुळात ५ मिनिटांचा असतो आणि फक्त लॉगिन न झालेल्यांना लागतो. शेजारीच 'लॉगिन टाइमआउट' आहे. फोन कितीही पॅकेट पाठवत राहिला तरी ठरलेल्या वेळेत लॉगिन झालं नाही, तर त्याची नोंद काढून टाकणं हे त्याचं काम. नुसता आयडल टाइमआउट इथं पुरत नाही, कारण खिशातला फोनही मेल आणि निरोप तपासायला सतत काही ना काही पाठवत असतो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

दुसरं, लॉगिन झालेल्यांचा आयडल टाइमआउट. हा युजर प्रोफाइलमध्ये असतो आणि सुरुवातीला बंद असतो. त्या युजरकडून राउटरमार्गे बाहेर काहीच गेलं नाही, तर ठरलेल्या वेळेनं त्याला बाहेर काढतो. वर सांगितलेली अडचण इथंही आहे. स्मार्टफोन वायफायवर आहे तोवर तो क्वचितच पूर्ण गप्प असतो. म्हणून ३० मिनिटांचा आयडल टाइमआउट लावला तरी जागेवर बसलेल्याचं सेशन (लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतची जोडणी) सहसा तुटत नाही, आणि तुटलं तर बहुधा तो माणूस तिथं नसतोच. पाच मिनिटांचा लावला, की स्क्रीन बंद करून बसलेले सापडायला लागतात.

तिसरं, कीपअलाइव्ह टाइमआउट. तक्रारींचं मूळ सर्वांत जास्त वेळा इथं सापडतं, आणि लोक नेमके इथंच बघत नाहीत. राउटर उपकरणाला 'आहेस का?' असं विचारत राहतो. ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही की सेशन बंद. मायक्रोटिकच्या मूळ युजर प्रोफाइलमध्ये हा काळ फक्त २ मिनिटांचा आहे. लॅपटॉपसाठी ठीक. फोनचा मात्र स्क्रीन बंद झाला की वायफाय चिप बॅटरी वाचवण्यासाठी डुलक्या घेते आणि उत्तर उशिरा देते, कधी देतच नाही. माणूस तुमच्यासमोर चहा पीत बसलेला असतो आणि राउटर त्याला गेलेला समजतो. "सारखं सारखं लॉगिन मागतंय" अशी तक्रार आली, की आधी हा आकडा बघा.

चौथं, सेशन टाइमआउट. हा निष्क्रियतेशी संबंध ठेवत नाही. वेळ झाली की काम चालू असो वा नसो, सेशन संपतं. फुकट अर्धा तास देणाऱ्या जागी हा हवा. पैसे घेऊन वेळ विकत असाल तर त्यासाठी युजरची 'लिमिट अपटाइम' मर्यादा वापरा, कारण ती सगळ्या सेशनची बेरीज धरते.

पाचवं, डीएचसीपीची लीज. गेलेला आणि बसलेला ओळखायचं माझ्या मते सर्वांत सोयीचं हत्यार हेच, कारण लीजचा अर्धा काळ उलटला की जागेवर असलेला फोन स्वतःहून मुदतवाढ मागतो. म्हणजे लीज २० मिनिटांची असेल तर बसलेला फोन दर दहा मिनिटांनी हजेरी लावतो, मालकाला काही करावं लागत नाही. गेलेला फोन हजेरी लावत नाही आणि त्याचा पत्ता वीस मिनिटांत मोकळा होतो. बसलेल्याला यात कुठलाच त्रास नाही. गर्दीच्या जागी एक दिवसाची लीज ठेवलेली दिसली, तर सुधारणा तिथूनच सुरू करा.

आकडे जागेप्रमाणे ठरवा

एसटी स्टँड किंवा बाजारपेठेतलं दुकान घ्या. माणसं येतात, बसतात, गाडी लागली की पळतात. इथं लॉगिन न केलेल्यांचा आयडल टाइमआउट २ ते ३ मिनिटं, लॉगिन टाइमआउट ५ मिनिटं, लीज १५ ते २० मिनिटं ठेवा. लॉगिन झालेल्यांना आयडल १५ मिनिटं, कीपअलाइव्ह ५ मिनिटं. सेशन अर्धा ते पाऊण तास पुरतं. जागा भराभर रिकामी व्हायला हवी हे खरं, पण कीपअलाइव्ह पाचच्या खाली नेऊ नका.

अभ्यासिकेचं गणित उलटं. तिथले युजर ठरलेले असतात, रोज तेच चेहरे. सकाळी सातला आलेला मुलगा रात्री दहाला उठतो, मधले तीन तास फोन बॅगेत असतो. इथं जागा अडण्याचा प्रश्नच नसतो, कारण खुर्च्याच मोजक्या आहेत. आयडल टाइमआउट बंद ठेवला तरी चालेल. कीपअलाइव्ह १५ ते ३० मिनिटं, लीज दोन तास, सेशन अभ्यासिका बंद होईपर्यंतचं. प्रत्येकाच्या नावानं युजर काढा आणि 'शेअर्ड युजर्स', म्हणजे एका नावावर एका वेळी किती उपकरणं चालतील तो आकडा, १ किंवा २ ठेवा. लॅपटॉप वापरणारे असतील तर दोनच.

तिसरी जागा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे मिरजेत दवाखान्यांच्या आसपासचे लॉज आणि खाणावळी. मिरज हे दवाखान्यांचं गाव. सांगली, सोलापूर, कोल्हापूर जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडून बेळगाव, विजापूरकडून पेशंट येतात. सोबतचे नातेवाईक दिवसेंदिवस तिथं राहतात. रात्री फोन उशाशी ठेवून झोपलेला माणूस राउटरच्या हिशेबात पक्का निष्क्रिय असतो. पण त्याच फोनवर पहाटे तीनला दवाखान्यात थांबलेल्या भावाचा व्हॉट्सॲप कॉल यायचा असतो. जाड भिंतींच्या खोलीत मोबाइलची रेंज नसते, सगळी भिस्त वायफायवर. सेशन गुपचूप तुटलं तर फोनवर वायफायची खूण दिसत राहते आणि कॉल पोचत नाही. अशा जागी आयडल टाइमआउट बंद ठेवा, कीपअलाइव्ह निदान तासाभराचा द्या, सेशन खोलीच्या चेकआउटपर्यंतचं. पत्ते अपुरे पडत असतील तर साठा वाढवा, पाहुण्याची वेळ कापू नका. रात्री तोडायचंच असेल तर निदान काउंटरवर मोठ्या अक्षरात तसं लिहा.

सेटिंग कशी करायची

क्रम पाळा, कारण मधेच प्रोफाइल बदलली तरी चालू असलेल्या सेशनना जुनेच आकडे लागू राहतात आणि आपल्याला वाटतं की बदल झालाच नाही.

सध्याच्या सेटिंगचा बॅकअप घेऊन तो लॅपटॉपवर उतरवा. मग हॉटस्पॉटच्या 'सर्व्हर्स' टॅबमध्ये तुमच्या सर्व्हरवर डबल क्लिक करून लॉगिन न केलेल्यांची दोन घड्याळं, आयडल टाइमआउट आणि लॉगिन टाइमआउट, लावा. त्यानंतर 'युजर प्रोफाइल्स' टॅब. इथं मूळ 'डीफॉल्ट' प्रोफाइल बदलण्याऐवजी ग्राहकांच्या प्रकाराप्रमाणे नवी प्रोफाइल काढा: फुकट वापरणारे, पैसे भरणारे, दुकानातली माणसं. तिन्हींना एकच घड्याळ लावणं अन्यायाचं होतं. दुकानातल्या माणसांच्या प्रोफाइलमध्ये आयडल बंद आणि कीपअलाइव्ह मोठा ठेवा. पैसे घेणारं मशीन, सीसीटीव्ही, प्रिंटर यांना हॉटस्पॉटच्या 'आयपी बाइंडिंग्ज'मध्ये 'बायपास' करा. ही उपकरणं लॉगिन करू शकत नाहीत, आणि टाइमआउटमुळे तुटली तर नेमकी गर्दीच्या वेळी तुटतात. शेवटी डीएचसीपी सर्व्हरमध्ये लीजचा काळ बदला. तो नव्या लीजना आणि मुदतवाढीला लागतो, म्हणून आधी दिवसाची लीज असेल तर पूर्ण फरक दिसायला दिवस लागेल. थांबायचं नसेल तर दुकान बंद असताना जुन्या लीज आणि ॲक्टिव्ह सेशन हातानं काढून टाका.

पैशाच्या हिशेबाबद्दल एक दिलासा. आयडल किंवा कीपअलाइव्हमुळे सेशन संपलं, तर मायक्रोटिक तेवढा निष्क्रिय काळ युजरच्या वापरातून वजा करतो. एका तासाचं कूपन घेतलेला माणूस न सांगता निघून गेला तर शेवटची पंधरा मिनिटं त्याच्या नावावर पडत नाहीत. दुसऱ्या प्रणाली असं करतीलच असं नाही. स्वतः कूपन काढून एकदा मोजा आणि मगच ग्राहकाला शब्द द्या.

पुन्हा लॉगिन सोपं करा

टाइमआउट कडक ठेवायचा असेल तर परत येण्याची वाट तितकीच सोपी हवी. सर्व्हर प्रोफाइलमध्ये लॉगिनच्या प्रकारांत 'मॅक कुकी' चालू करा. एकदा पासवर्ड टाकला की राउटर त्या उपकरणाचा मॅक पत्ता (वायफाय चिपचा ओळख क्रमांक) लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी न विचारता आत घेतो. किती दिवस, ते युजर प्रोफाइलमध्ये ठरतं. मुळात ३ दिवस असतात. युजरनं स्वतः लॉगआउट केलं की कुकी जाते, हे ठीकच आहे.

हल्लीचे फोन मात्र खरा मॅक पत्ता देत नाहीत. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून प्रत्येक वायफाय नावासाठी वेगळा बनावट पत्ता वापरला जातो. तुमच्या वायफायपुरता तो सहसा टिकून राहतो, म्हणून कुकी चालते. मात्र आयओएस १८ पासून पासवर्ड नसलेल्या खुल्या नेटवर्कवर आयफोन हा पत्ता अधूनमधून बदलतो. त्यातून एक चमत्कारिक अडचण उभी राहते. माणूस नव्या पत्त्यानं येतो, त्याचं जुन्या पत्त्यावरचं सेशन अजून यादीत जिवंत असतं, 'शेअर्ड युजर्स' १ आहे, आणि राउटर सांगतो की या युजरला आणखी सेशन मिळणार नाही. पैसे भरलेला माणूस स्वतःच्याच जुन्या सेशनमुळे बाहेर अडकतो. काउंटरवरच्या पोराला ॲक्टिव्ह यादीतून त्या नावाची जुनी ओळ काढायला शिकवून ठेवा. आणि मॅकच्या भरवशावर कूपन कधीही बांधू नका.

सेशन संपल्यावर ग्राहकाला काय दिसतं तेही बघा. आजच्या जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) असल्यामुळे ब्राउझर लॉगिनच्या पानाकडे वळत नाही, नुसती चूक दाखवतो. फोनची स्वतःची तपासणी बऱ्याचदा 'साइन इन करा' अशी सूचना देते, पण दर वेळी नाही. म्हणून टेबलावर दोन ओळींची पाटी ठेवा: नेट थांबलं तर वायफाय बंद करून पुन्हा चालू करा, नाहीतर हा पत्ता टाका, आणि खाली लॉगिनचा सोपा पत्ता. लॉगिनच्या पानावरही मराठीत स्पष्ट लिहा की किती मिनिटं वापर नसेल तर सेशन बंद होईल. २०२० मध्ये आलेल्या आरएफसी ८९०८ या मानकात पोर्टलनं, म्हणजे लॉगिन घेणाऱ्या प्रणालीनं, फोनला उरलेले सेकंद कळवायची सोय आहे. तुमची प्रणाली ते देत असेल तर चालू करा.

एकाहून जास्त राउटर असतील तर

दोन-चार दुकानांत एकच लॉगिन चालवायचं तर रेडियस सर्व्हर, म्हणजे सगळ्या राउटरचं लॉगिन आणि हिशेब एका जागी ठेवणारा सर्व्हर, लागतो. त्यात सेशन टाइमआउटचा गुणधर्म क्रमांक २७, आयडल टाइमआउटचा २८. सर्व्हरनं हे आकडे पाठवले की ते राउटरच्या प्रोफाइलवर मात करतात. राउटरवर तासभर बदल करूनही फरक पडत नसेल तर सर्व्हर काय पाठवतोय ते तपासा.

रेडियसवर खरा त्रास होतो तो मेलेल्या सेशनचा. लाइट गेली, राउटर बंद पडला, 'सेशन संपलं' हा निरोप सर्व्हरला गेलाच नाही. सर्व्हरच्या खात्यावर ते सेशन दिवसभर चालूच राहतं आणि एका वेळी एकच लॉगिन असा नियम असेल तर माणूस अडकतो. उपाय दोन. राउटरला एक लहान यूपीएस द्या. आणि इंटरिम अपडेट चालू करा, म्हणजे राउटर ठरावीक वेळानं हिशेब कळवत राहील. मानकानुसार हा काळ ६० सेकंदांहून कमी नसावा आणि शक्यतो ६०० सेकंदांहून कमी ठेवू नये. दहा मिनिटं धरा. मग सर्व्हरवर नियम लावा की सलग तीन अपडेट आले नाहीत तर ते सेशन मेलं समजून बंद करायचं.

तुम्ही केंद्र सरकारच्या पीएम-वाणी या सार्वजनिक वायफाय योजनेखाली पब्लिक डेटा ऑफिस, म्हणजे वायफाय देणारं दुकान, चालवत असाल, तर लॉगिन आणि हिशेब ॲग्रिगेटरकडे, म्हणजे अशी अनेक दुकानं जोडणाऱ्या कंपनीकडे, असतो. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेल्या या रचनेत दुकानदाराला लायसन्स लागत नाही. तिथं सेशनची घड्याळं बदलायची तर ॲग्रिगेटरशी बोला, लीज आणि पत्त्यांचा साठा तेवढा तुमच्या राउटरवर बघा.

नोंदी

लॉगमध्ये प्रत्येक लॉगआउटसोबत कारण येतं: युजरनं स्वतः, कीपअलाइव्ह, आयडल, सेशन संपलं, लीज गेली. बदल केल्यावर आठवडाभर ही कारणं मोजा. कीपअलाइव्हची संख्या जास्त आणि तीच नावं पाच-दहा मिनिटांत परत येत असतील, तर तुम्ही बसलेल्यांना उठवताय. आकडा वाढवा. आयडलनं गेलेले परत येत नसतील तर घड्याळ बरोबर लागलंय.

सेशनच्या नोंदी पुसू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सेवा पुरवठादार आणि कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपावेत आणि यंत्रांची घड्याळं अधिकृत वेळेशी जुळवावीत असं म्हटलंय. बऱ्याच मायक्रोटिकना लाइट गेल्यावर वेळ लक्षात राहत नाही, म्हणून एनटीपी (नेटवरून वेळ जुळवायची सोय) चालू ठेवा, नाहीतर नोंदींवर भलत्याच तारखा पडतात. नोंदी राउटरवर न ठेवता बाहेरच्या लॉग सर्व्हरवर पाठवा, आणि त्या मालकाशिवाय कुणाच्या हाती लागणार नाहीत याची काळजी घ्या. कोण कुठं किती वेळ बसला ही माहिती लोकांनी विश्वासानं दिलेली असते.

पुराची प्रोफाइल

सांगलीत हॉटस्पॉट चालवणाऱ्यानं एक प्रोफाइल आधीच करून ठेवावी असं मला कळकळीनं वाटतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. अशा वेळी मोबाइलचं नेटवर्क कोलमडलं आणि तुमची फायबर लाइन व इन्व्हर्टर तग धरून असतील, तर आजूबाजूची सगळी वस्ती तुमच्या वायफायवर येणार.

तेव्हा हिशेब बदलतो. प्रत्येकाला थोडा वेळ मिळणं महत्त्वाचं, कारण बहुतेकांना 'आम्ही सुखरूप आहोत' एवढाच निरोप धाडायचा असतो. वेग माणशी ५१२ केबीपीएस, सेशन १५ मिनिटं, आयडल ३ मिनिटं, लीज १० मिनिटं, आणि संपलं की लगेच पुन्हा लॉगिन करायची मुभा. पैसे नाहीत, ओटीपी नाही, कारण मोबाइल नेटवर्क बंद असेल तर ओटीपी येणारच नाही. त्याऐवजी काउंटरवर नाव लिहून घेऊन आधीच छापलेली कूपनं द्या आणि कुठलं कूपन कुणाला दिलं ते वहीत टिपा. मदतकार्यातल्या माणसांची वेगळी प्रोफाइल ठेवा, तिला कुठलीच वेळमर्यादा नको. ही सेटिंग मे महिन्यातच करून, एकदा चालवून बघून बंद ठेवा, आणि ती कशी चालू करायची ते कागदावर लिहून राउटरच्या पेटीला आतून चिकटवा. त्या दिवशी तुम्ही स्वतः दुकानात पोचू शकाल याची खात्री नसते.